अंडी तळाशी बसतात

"गोड कमी खा, जंत होतील," हे आजीचं वाक्य ऐकत मी वाढले आणि आता मँचेस्टरला येऊन पोटासाठी जंतच मोजते आहे. 'लेक तिकडे काय करते?' असं कुणी विचारलं की आई "मेडिकल रिसर्च" म्हणून मोकळी होते. तिचं तरी काय चुकलं? उंदराचं आतडं खरवडते, हे लग्नाच्या पंगतीत कसं सांगणार!

माझा जंत म्हणजे ट्रिक्युरिस म्युरिस, उंदराचा चाबूककृमी. माणसाच्या पोटातला ट्रिक्युरिस ट्रिक्युरा हा त्याचा चुलतभाऊ. पुढचा भाग दोऱ्यासारखा, मागचा जाड, म्हणून चाबूक. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक पिशवी असते, तिच्या अस्तरात बोगदा करून हा डोकं खुपसून बसतो. मोजायचं तर ती पिशवी उभी चिरायची, धुवायची, वाकड्या चिमट्याने अस्तर खरवडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जंत वेचायचा. तांदूळ निवडल्यासारखं काम, फक्त मान जास्त धरते. आणि जिवंत उंदरांवर प्रयोग करायला इथे १९८६च्या कायद्याखाली प्रत्येकाला स्वतःचा परवाना लागतो. माझे पहिले काही महिने त्याचं प्रशिक्षण आणि परीक्षा यांतच गेले.

जिवाणू आला तर आपल्या पेशी त्याला गिळतात. पण डोळ्यांना दिसणाऱ्या जंताला कोण गिळणार? मग शरीर त्याला मारण्यापेक्षा त्याला तिथे राहणं नकोसं करतं. आतड्यात चिकट द्राव सुटतो, स्नायू जोरात आवळतात. अस्तराच्या पेशी तर एरवीही खालून वर सरकत झडत असतात. आयएल-१३ नावाचा निरोप्या आला की त्यांचा वेग वाढतो आणि जंताच्या पायाखालची, म्हणजे डोक्याखालची, जमीनच सरकते. हा सरकता जिना २००५ साली मँचेस्टरच्याच संशोधकांनी दाखवला. गंमत म्हणजे धुळीने शिंका आणणारी, अंगावर गांध्या उठवणारी फौज हीच.

ही फौज उठणार की नाही, हे बरंचसं अंड्यांच्या संख्येवर ठरतं. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या काळ्या उंदराला दोनेकशे अंडी एकदम पाजली तर पस्तिसाव्या दिवशी पोट साफ. वीसेक पाजली तर शरीर भलतीच फौज उठवतं, विषाणूंशी लढणारी, आणि जंत आरामात मोठे होतात. कागदावर वाचलं तेव्हा मला हे खरंच वाटलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी पटलं. जास्त अंड्यांच्या गटातले पहिले उंदीर अपेक्षेप्रमाणे रिकामे निघाले. शेवटच्या तिघांत मात्र लांबच लांब, जिवंत, वळवळणारे जंत! मी तासभर नोंदवही उलटीपालटी केली. मग आमच्या बाईंनी शांतपणे एकच विचारलं, "प्रत्येक वेळी नळी हलवली होतीस का?" नव्हती हलवली. अंडी तळाशी बसतात. मी तळातून ओढत गेले, पहिल्यांना भरपूर मिळाली, शेवटच्यांच्या वाट्याला नुसतं पाणी आणि चार अंडी. पाच आठवडे फुकट. शिवाय नवी अंडी अंधारात पिकायला दोनेक महिने लागतात, ते वेगळेच.

तेव्हापासून मला ते शेवटचे तीन उंदीरच जास्त खरे वाटतात. गावाकडच्या पोराच्या पोटात दोनशे अंडी एकदम कुठे जातात? मातीच्या हाताने, न धुतलेल्या गाजरातून थोडीथोडीच जातात. २०१९ साली इथल्या संशोधकांनी उंदरांना दर आठवड्याला थोडी थोडी अंडी देऊन पाहिलं. आधी जंत साठत गेले, मग हळूहळू शरीर शिकलं आणि त्यांना बाहेर काढू लागलं. सध्या मी याच वाटेवर आहे.

माझ्या भाच्याला दर १० फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी मिळते. चावून खायची ती अल्बेंडाझोलची गोळी. हा उपक्रम २०१५पासून चालू आहे. चाबूककृमीवर ती एक गोळी तशी कमजोरच, आणि पोट साफ झालं तरी माती तीच असते. आजीला हे सगळं फोनवर समजावलं, गोडाचा आणि जंतांचा संबंध नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "वावडिंगाचं पाणी पाजा त्या उंदरांना."

आता माझ्या नळ्यांच्या स्टँडवर मोठ्या अक्षरात चिकटवलंय: हलव! शेजारच्या टेबलावरच्या इटालियन मुलाने काय लिहिलंय विचारलं, मी वाचून दाखवलं. "हलवा? करी माईलवर मिळतो तो?" रशोममधल्या त्या रस्त्यावर मिठाईची दुकानं आहेत खरी. शुक्रवारी पठ्ठ्या गाजर हलव्याचा डबा घेऊन आला. चहाच्या खोलीत दहा मिनिटांत डबा चाटूनपुसून साफ. मी आजीला रिकाम्या डब्याचा फोटो पाठवला. लगेच व्हॉइस मेसेज आला: "एवढं खाल्लंस? जंत होतील बघ."