देवगिरी, सिंहासनं आणि घरची माणसं

'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिलेल्या कुणालाही देवगिरीवर न्यावं आणि निवांत फिरवावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. पाऊस ओसरल्यावर तो योग आला. सोबत माझी भाची होती. तिला या मालिकेचे आठही सीझन जवळजवळ पाठ आहेत.

छत्रपती संभाजीनगरहून पंधरा-सोळा किलोमीटर. पडेगाव मागे पडलं की उजवी-डावीकडे हिरवे माळ लागतात आणि मग एकदम तो सरळसोट तासलेला डोंगर समोर येतो. महाकोट नावाच्या तटाच्या दरवाजाला हत्तींची धडक अडवायला ठोकलेले लोखंडी खिळे अजून जागेवर आहेत. भाचीने त्यावर तळहात टेकवला आणि म्हणाली, "मावशी, एवढा बंदोबस्त करून हा किल्ला पडला कसा गं?"

त्या प्रश्नाचं उत्तर देत देतच आम्ही पुढचे दोन-तीन तास चढत होतो.

लोक त्या मालिकेबद्दल बोलतात ते ड्रॅगन, लढाया आणि डावपेच यांच्याबद्दल. मला तिचा गाभा वेगळा वाटतो. पहिल्याच भागात जेमी लॅनिस्टर एका लहान पोराला खिडकीतून खाली ढकलतो आणि हे प्रेमापायी करतोय असं म्हणतो. कॅटलिन स्टार्क आपल्या मुली परत मिळाव्यात म्हणून हातातला सगळ्यात मोलाचा कैदी सोडून देते. त्यातून त्यांच्याच बाजूचे कारस्टार्क सरदार बिथरतात, तिच्या मुलाचं, रॉबचं सैन्य फुटतं, आणि त्याला मदतीसाठी पुन्हा फ्रे घराण्याच्या दारात जावं लागतं, जिथे आधी त्याने सोयरिकीचा शब्द मोडलेला असतो. पुढे फ्रे घराण्यातल्या लग्नात रॉब आणि कॅटलिन दोघेही मारले जातात. कपट तिथे परक्याच्या घरात शिजत नाही. आपल्या माणसाच्या मायेतूनच ते उगवतं. देवगिरीचा इतिहास वाचताना मला हेच दिसत आलंय.

हत्ती हौदाच्या काठावर बसून मी तिला आमणदेवाची गोष्ट सांगितली. शाळेत ही कुणी शिकवत नाही. यादवांचा राजा कृष्ण गेला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता, म्हणून धाकटा भाऊ महादेव गादीवर बसला. इथपर्यंत ठीक. पण महादेवानंतर गादी पुतण्याकडे परत जायला हवी होती, ती गेली पोटच्या पोराकडे, आमणाकडे. महानुभाव साहित्यात अशी हकीकत येते की रामचंद्र नाटकी मंडळींच्या वेशात किल्ल्यात शिरला, खेळ लावला, आणि रंगात आलेल्या आमणाला तिथेच धरलं. 1271 च्या सुमाराची ही गोष्ट. चुलतभावाचे डोळे काढले गेले. हेमाद्रीपंडित महादेवाच्या काळात श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख होता, रामचंद्राच्या काळातही तोच राहिला.

भाची बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे महादेवाने वाईट काहीच केलं नाही, फक्त पोरावर जीव लावला."

मला हे पटतं. आणि ते भयंकर आहे.

चाँदमिनार आम्ही खालूनच पाहिला. चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे उरलेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान, तानाशहा, इथे औरंगजेबाच्या कैदेत होता. खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट सुरू होते. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओल्या पायऱ्या. गाईडदादांनी मशाल पेटवली आणि एका वळणावर थांबले. "बघा ताई, इथं वाट फुटते अन् पुढं जाऊन पुन्हा एक होते. शत्रू दोन्हीकडून यायचा, अंधारात समोरचा दिसायचा नाही. आपलाच माणूस आपल्याच माणसाला कापायचा." मशाल त्यांनी क्षणभर पाठीमागे धरली आणि शेजारी उभी असलेली भाचीसुद्धा मला दिसेना.

अल्लाउद्दीन खिलजी 1296 मध्ये इथे आला तेव्हा तो सुलतान नव्हता. दिल्लीवर त्याचा चुलता आणि सासरा जलालुद्दीन बसला होता, आणि देवगिरीची स्वारी त्याला अंधारात ठेवून केलेली होती. इथली लूट घेऊन पुतण्या परतला. म्हातारा मोजक्या माणसांनिशी त्याला भेटायला कडा नावाच्या गावी गेला. दरबाऱ्यांनी सावध केलं होतं, पण पुतण्यावर त्याचा फार जीव. भेटीतच त्याला मारलं. म्हणजे आमच्या देवगिरीच्या संपत्तीवर तिकडे एक घर मोडलं. मालिकेतल्या टायविन लॅनिस्टरने, जेमीच्या बापाने, सगळं आयुष्य घराण्याच्या नावासाठी घालवलं आणि शेवटी मुलाच्याच बाणाने मेला, ते दृश्य मला इथे हटकून आठवतं.

बारादरीत वारा छान होता. पण ज्यासाठी मी मुळात आले होते ती जागा वर नाही, खालच्या दरबारी भागात आहे, आणि नेमकी कुठली ते दाखवणारी पाटी मला दिसली नाही. सिंदखेडचे लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील. हे घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांचं वंशज मानतं. अहमदनगरची निजामशाही सोडून ते मोगलांकडे गेले होते, परत आले, आणि निजामशहाच्या मनातला संशय काही गेला नाही. जुलै 1629 मध्ये मुजऱ्यासाठी दरबारात बोलावून त्यांना ठार केलं. सोबत अचलोजी आणि राघोजी हे मुलगे, नातू यशवंतराव. एका घरातल्या तीन पिढ्या एकाच दिवशी, वाडवडिलांच्याच किल्ल्यात.

हे सांगताना माझा आवाज भरून आला. जिजाऊ त्या वेळी गरोदर होत्या. शिवरायांचा जन्म पुढच्या फेब्रुवारीतला. खंडागळे सरदाराच्या बिथरलेल्या हत्तीवरून जाधव-भोसल्यांत रक्त सांडलं होतं, सासरा-जावई समोरासमोर आले होते. तरी लखुजींच्या खुनानंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडली. इतकं वैर होऊनही सासऱ्याचं रक्त त्यांनी आपलं मानलं, असं मी समजते. त्या चाकरीत पुढे आपलीही पाळी येईल हे त्यांना दिसलं असेलच, पण नुसत्या हिशोबाने एवढं पाऊल उचललं जात नाही. निजामशहाचं पुढे जे झालं तेही लगेच झालं: निजामशाहीचा जुना वजीर मलिक अंबर याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याला कैद करून मारलं, आणि 1633 मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. तटाला भगदाड पडण्याआधीच आतली माणसं एकमेकांना संपवून बसली होती.

खाली उतरल्यावर रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या लागल्या होत्या. भाची फळ सोलत म्हणाली, यावर मराठीत मालिका करायची तर पहिला भाग लखुजींपासून. मी म्हटलं, नाही, आमणापासून, कारण त्याचे डोळे काढले त्या दिवसापासून इथे गादीचा रिवाज मोडला. ती म्हणाली, आमणाला कोण ओळखतं, प्रेक्षक पहिल्याच भागात उठून जातील. दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजाला लखुजींची समाधी पाहायला जायचं ठरलं होतं; जालन्यापर्यंत आमचा हाच वाद चालला आणि ती काही मागे हटली नाही.