नकाशात नसलेली वाट

"साहेब, बसथांबा इथं दाखवलाय, पण मी रस्ता ओलांडू कुठून?"

नव्या बसमार्गाच्या जनसुनावणीत आज एका आजींनी नकाशावर बोट ठेवून विचारलं. रंगीत रेघा होत्या, थांब्यांचे ठिपके होते; पायी येणाऱ्याची वाट मात्र कुठेच नव्हती. उत्तर आलं, "हरकत लेखी द्या."

ते काही डोक्यातून जात नाहीये. सगळं ठरल्यावर लोकांना बोलवायचं, हा कसला सहभाग?

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ पासून वस्तीवस्तीत बैठका घेतल्या आणि पालिकेच्या बजेटमधला काही पैसा कुठे लावायचा, हे रहिवाशांना ठरवू दिलं. गटारं, पाणी, रस्ते, ज्याची खरी नड होती ते पुढे आलं. म्हणजे जमतं!

तुमच्याकडे बसमार्ग आखण्याआधी कुणी तुम्हाला विचारलं होतं का?