नवतपा, जीपीयू आणि मायनसमधला व्हेरिअन्स

नवतपा चालू होता, नागपूरचा पारा ४५ च्या वर, आणि आमच्या एआय मॉडेलच्या ट्रेनिंगच्या मशीनवर लॉस (मॉडेल किती चुकते तो आकडा) मधूनच नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही', असा यायला लागला. मे महिन्यात इथे काहीही बिघडलं की खापर उन्हावर फुटते, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांचं एकमत झालं, जीपीयू, म्हणजे आकडेमोड करणारं कार्ड, तापला. एकाने तर पाण्याचा कूलर ओढत आणून मशीनपुढे लावला, तो मी आधी बंद केला, ओली हवा कार्डावर कोण सोडते बे?

काम होतं सोलर पॅनेलच्या थर्मल फोटोंतून खराब सेल शोधायचं. फोल्डर वेगळे करून चालवले तर नॅन फक्त पहाटेच्या फोटोंवर, दुपारचे एकदम नीट, आणि पहाटेचेही कधी चालून जायचे. इथेच उन्हाची थिअरी माझ्यापुरती संपली.

आमचा कॅमेरा तापमान केल्विनच्या शंभराव्या भागात देतो, म्हणजे २८ डिग्रीला आकडा ३०११५. मॉडेलमध्ये सगळ्यात पहिला लेयर बॅच नॉर्म, तो आकड्यांतून सरासरी वजा करून व्हेरिअन्सच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या) वर्गमुळाने भागतो, आणि त्याचा कर्नल (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्राम) जुन्या प्रोजेक्टमधला, हाताने लिहिलेला. मेमरी एकदाच वाचायला लागावी म्हणून त्यात बेरीज आणि वर्गांची बेरीज सोबतच, मग वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा, की व्हेरिअन्स तयार. कागदावर बरोबर. पण ३०११५ चा वर्ग ९० कोटींच्या वर जातो, आणि तिथे ३२ बिट फ्लोटला (३२ बिटांत साठवलेल्या आकड्याला) ६४ पेक्षा बारीक फरक दिसतच नाही. पहाटे पॅनेल सगळीकडून सारखंच थंड, खरा व्हेरिअन्स पंचवीस-तीस. म्हणजे कळमन्याला संत्र्याचा भरलेला ट्रक काट्यावर दोनदा चढवून ड्रायव्हरच्या खिशातली चिल्लर मोजायची! वरून ॲटॉमिक ॲडमुळे (सगळे थ्रेड, म्हणजे सोबत चालणारे कामाचे धागे, एकाच बेरजेत जमेल तशी भर घालतात) बेरजेचा क्रम दर वेळी वेगळा, म्हणून उत्तर कधी प्लस कधी मायनस, आणि मायनस आलं की शून्याने भागायला लागू नये म्हणून व्हेरिअन्समध्ये मिळवलेला १e-५ चा एप्सिलॉन काय वाचवणार, वर्गमुळात नॅन.

सोबतचा म्हणे, "दादा, मायनस आला की झिरो करून टाकू ना, संपला विषय." मी म्हटलं थांब जरा, व्हेरिअन्स झिरो धरला तर एप्सिलॉनमुळे प्रत्येक फरकाला ३१६ ने गुणल्या जाईल, खरं तर पाचने भागायला पाहिजे. नॅन निदान दिसला तरी, हे दिसणारही नाही अन् प्रत्येक पॅनेल खराब म्हणून निघेल.

शेवटी वेलफर्डची १९६२ ची पद्धत टाकली. प्रत्येक थ्रेड आपला काउंट, सरासरी आणि सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ठेवतो, मग वॉर्पमधले (जीपीयूवर एकत्र चालणाऱ्या गटातले) ३२ थ्रेड शफलने (एकमेकांचे आकडे थेट वाचून) आपापले तिन्ही आकडे जोडत जातात. यात भागाकार वाढतात म्हणून स्पीड पडेल अशी कुरकुर झाली, पण हा कर्नल तसाही मेमरीचीच वाट बघत बसतो, फरक जवळजवळ नाहीच. सीपीयूवर डबलमध्ये (६४ बिटांत) काढलेल्या उत्तराशी पहाटेचे फोल्डर ताडून पाहिले, जुळले. आता टेस्टमध्ये मुद्दाम एक ॲरे ठेवला आहे, सगळे आकडे तीस हजाराच्या आसपास, आणि तो पास झाल्याशिवाय कर्नल मुख्य कोडमध्ये मर्ज होत नाही.