सुतोंड्यावरचे दोन तास

आज मी आणि भाचा सुतोंडा किल्ल्यावर गेलो होतो, आपल्या सोयगाव तालुक्यातला. उतरताना त्याचा पाय मुरगळला. मोबाईलला रेंजची एक काडी नाही. आणीबाणीचा 112 नंबर लावून पाहिला, पण कुठल्याच कंपनीचा टॉवर मिळत नसेल तर तोही लागत नाही. शिट्टी वाजवत बसलो. दोन तासांनी शेळ्या चारणाऱ्या एका बाबांनी ऐकली. "घाबरू नका, पोराला मी धरतो," म्हणाले आणि पायथ्यापर्यंत सोबत आले. त्यांचे उपकार कसे फेडायचे?

दुबईचे दाजी कधीपासून म्हणतायत, "बीकन आणून देतो." बीकन म्हणजे संकटात मदत मागायचं छोटं यंत्र. बटण दाबलं की 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश जातो, तिथून इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्राला. पण बीकनची आधी नोंदणी हवी. आणि मेसेज पाठवणारं सॅटेलाइट यंत्र तर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे बाळगताच येत नाही. दाजींना आत्ताच फोन करून सांगितलं, तसलं मेसेजचं यंत्र बॅगेत टाकू नका, विमानतळावर अडकाल.

बीकन घेणार, हे ठरलं. नोंदणीची चौकशी सोमवारपासून. तोवर पायथ्याच्या गावात परतायची वेळ सांगितल्याशिवाय गड चढणार नाही. आज तेवढंही केलं नव्हतं. ताईसमोर उभं राहताना तेच सगळ्यात जास्त टोचलं.