मेमधल्या दुपारी दोन वाजता चालेल असा डेस्कटॉप: पार्ट निवडीची नोंद

एका नवतप्यात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) माझा जुना डेस्कटॉप एकाच दुपारी दोनदा आपोआप बंद पडला. नागपुरात बाहेर पारा ४५ च्या वर होता, खोलीत ४१. संध्याकाळी सातनंतर तीच फाईल, तेच काम, काही त्रास नाही. त्याच दिवशी ठरवलं, पुढचं मशीन बांधायचं ते मे महिन्यातल्या दुपारी दोनला चालणारं. बेंचमार्कचे आकडे त्यानंतर बघू. यंदा होळीपासून पार्ट जमवायला घेतले, पाडव्याला पहिली खरेदी केली आणि आता नवतपा संपलाय, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

काम काय आहे ते आधी सांगतो, कारण सगळी निवड त्यावरच बेतलेली आहे. माझा धाकटा भाऊ पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटकांचं शूटिंग करतो. दिवाळी झाली की वडसा, ब्रम्हपुरी, सिंदेवाही पट्ट्यात गावोगावी मंडईची जत्रा, शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक. प्रयोग रात्रभर चालतो. दोन कॅमेरे, दोन्ही फोर-के, प्रत्येकी १०० मेगाबिट प्रति सेकंद. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणि तासाला ४५ जीबी. सहा तासांच्या प्रयोगाचे दोन कॅमेऱ्यांचे मिळून ५४० जीबी होतात. हंगामात असे वीसेक प्रयोग. एडिटिंग माझ्याकडे असतं आणि ते होता होता उन्हाळा लागतोच.

जुनं मशीन रायझन ५ २६०० चं. ते दमायचं त्याचं कारण मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मी रॅमला दोष देत होतो. खरं कारण निघालं फुटेजमध्ये. भाऊ दहा बिट ४:२:२ मध्ये शूट करतो. नेहमीच्या ४:२:० मध्ये रंगाची माहिती चौथाईवर आणलेली असते, ४:२:२ मध्ये ती निम्म्यावर राहते. आणि दहा बिट म्हणजे एका रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या. रंगमंचावर लाल-निळे झोत असतात, नटाचा चेहरा अर्धा अंधारात, तिथे रंग सुधारताना हा फरक स्पष्ट दिसतो. त्यामुळे त्याला ४:२:० वर जा म्हणायला मन होत नाही. पण ही दाबून साठवलेली फाईल उलगडायला बहुतेक ग्राफिक्स कार्डांमध्ये सोयच नसते. माझ्या जीटीएक्स १६६० सुपरमध्ये ती नाही, आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतही नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो, तो शंभर टक्क्यांवर पळतो, तापतो आणि मेमध्ये हात टेकतो.

इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये मात्र एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) ची दहा बिट ४:२:२ फाईल हार्डवेअरवर उलगडायची सोय आहे. एनव्हीडियाने ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आणली. एच.२६४ मधलं ४:२:२ मात्र आपण ज्या पिढीचा विचार करतोय त्या इंटेल ग्राफिक्सला जमत नाही, म्हणून भावाला कॅमेऱ्याची सेटिंग एच.२६५ वर कायम करायला लावली. एडिटिंगचं सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह स्टुडिओ आहे, ते ही सोय वापरतं.

इथून पुढे निवड भराभर होत गेली. प्रोसेसर इंटेलचा आय५-१४५००. सहा मोठे आणि आठ छोटे कोअर, वीस थ्रेड, यूएचडी ७७० ग्राफिक्स, मूळ वीजमर्यादा ६५ वॉट. नागपुरात बर्डीवर चौकशी केली तेव्हा दोन दुकानांत एकच सल्ला मिळाला, "भाऊ, एफवाला घेऊन टाका, पैसे वाचतात, तुमच्याजवळ कार्ड तर आहेच." ज्याला फक्त गेम खेळायचे त्याला हा सल्ला बरोबर आहे. पण नावामागे एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स बंद असतं आणि मला हवं तर तेच होतं. आपल्यापैकी कोणी व्हिडिओसाठी जुळणी करत असेल तर हे एक अक्षर बिल करायच्या आधी बघाच.

नावामागे 'के' असलेली मालिका घ्यायची नव्हती. एक तर ती जास्त वीज खाते. दुसरं म्हणजे तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या मोठ्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता यायची, ती इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड देऊन दुरुस्त केली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती झाली हे खरं, तरी मदरबोर्ड घेतल्या घेतल्या त्याचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचा, हा नियम मी सगळ्याच प्रोसेसरसाठी पाळतो.

एएम५ (एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरचा सॉकेट) का नाही, असं दोघातिघांनी विचारलं. सॉकेट पुढेही चालणार, रायझन ७६०० किंवा ७७०० दोन्ही ६५ वॉटचे, मला स्वतःला ते फार आवडतात. अडचण रॅमची. एएम५ ला डीडीआर५ (रॅमचा नवा प्रकार) शिवाय काही चालत नाही, आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव काय झालेत ते आपण सगळे बघतोय. मेमरी चिप्स एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रूशिअल हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या जुन्या मशीनमध्ये १६-१६ जीबीच्या डीडीआर४ ३२०० रॅमच्या दोन काड्या धडधाकट होत्या. आय५-१४५०० डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींवर चालतो, फक्त बोर्ड तसा घ्यावा लागतो. सीएल म्हणजे प्रतिसादाआधी जाणारी चक्रं; सीएल१६ ची ३२०० काडी आणि सीएल३० ची ६००० काडी, दोन्हींचा पहिला प्रतिसाद हिशोबाने दहा नॅनोसेकंदच येतो. डीडीआर५ चा ओघ मोठा असतो, पण माझ्या कामात त्यासाठी आजचा भाव मोजण्यात अर्थ नव्हता. ३२ जीबी घरचीच ठेवली.

मग बी७६० चिपसेटचा डीडीआर४ बोर्ड मागवला. आला, खोका उघडला, प्रोसेसर बसवायच्या आधी सहज एक काडी स्लॉटवर धरून पाहिली. बसेना. दोन्ही प्रकारच्या काड्यांना पिना २८८ च असतात, लांबीही तीच, पण खालच्या कडेला जी खाच असते तिची जागा वेगळी. डीडीआर५ ची खाच मधोमध सरकलेली. माझ्या काडीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यापासून काही मिलिमीटर बाजूला राहत होती. खोक्यावर पुन्हा पाहिलं तर बोर्डाचं नाव अक्षरशः तेच, फक्त शेवटी 'डी४' नव्हतं. बिलावर मात्र 'डी४' छापलेलं. दुकानदाराने तिसऱ्या दिवशी बदलून दिला, कारण सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण मी काढलेलं नव्हतं. ते काढून एखादी पिन वाकली असती तर कोणी परत घेतला नसता. म्हणून सांगतो, बोर्ड आला की आधी काडी धरून बघा, झाकणाला हात त्यानंतर.

आता उष्णतेचं. प्रोसेसरवरच्या कूलरच्या चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. तिथे प्रोसेसर ७० दाखवत असेल तर ते खोलीपेक्षा ४५ ते ५० ने जास्त आहे, असं वाचायचं. आपल्याकडे खोलीच ४१ ची. बेरीज करा, ९० गाठलं. लिक्विड कूलर लावला तरी खोलीच्या तापमानाखाली काही जात नाही, वर पंपाची एक बिघडणारी वस्तू वाढते. मी डीपकूल एके४०० घेतला. एक पंखा, चार हीटपाइप, उंची १५५ मिलिमीटर. त्याला नुसती हवाच लागते, पंखा खराब झाला तर शंभर पावलांवर दुसरा मिळतो.

पण खरा उपाय कूलर नव्हताच. खरा उपाय वॉट कमी करणं. ३०० वॉट खाणारं मशीन म्हणजे खोलीत शंभरचे तीन जुने बल्ब लावून बसणं, ती उष्णता कुठेही जात नाही. आय५-१४५०० ला बोर्ड थोडा वेळ १५४ वॉटपर्यंत जाऊ देतो आणि काही बोर्ड तीही मर्यादा सोडून देतात. मी बायोसमध्ये दोन्ही मर्यादा (कायमची आणि थोड्या वेळाची) ९० वर बांधल्या. एकच तुकडा निव्वळ प्रोसेसरवर एक्सपोर्ट करून पाहिला, १५४ वर ३१ मिनिटं, ९० वर ३५. चार मिनिटांसाठी ६४ वॉट खोलीत ओतायची माझी तयारी नाही.

पॉवर सप्लायवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि कोणी विचारलं तर त्यालाही हेच करायला सांगेन. ८० प्लस गोल्डचा शिक्का कार्यक्षमतेचा असतो आणि ती मोजतात साधारण २३ अंशांत. उन्हाळ्यात टिकेल का, हे तो शिक्का सांगत नाही. बघायचं ते हे, की पूर्ण वॉट किती अंशांपर्यंत देतो. काही सप्लाय ४० अंशांसाठी, काही ५० अंशांसाठी मोजलेले असतात, उत्पादकाच्या माहितीपत्रकात हे सापडतं. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का तेही पाहावं, कारण दहा अंश वाढले की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मी ५० अंशांचा, ६५० वॉट गोल्ड, पूर्ण मोड्युलर (सगळ्या केबल सुट्या होणारा) घेतला. माझी गरज तीनशेच्या आसपास आहे, म्हणजे तो अर्ध्या भारावर राहील आणि पंखाही निवांत फिरेल.

मोड्युलर घेणाऱ्यांना कळकळीची विनंती, जुन्या सप्लायच्या केबल नव्याला लावू नका. डिस्ककडचं टोक सारखं असतं, सप्लायकडचं टोक प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने जोडते. बसतं अगदी नीट, पण पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की डिस्क संपली. २०२१ मध्ये माझी दोन टीबीची डिस्क अशीच गेली, तिच्यात चुलतबहिणीच्या लग्नाचं पूर्ण चित्रण होतं. या वेळी जुन्या सगळ्या केबल पिशवीत घालून, पिशवीवर सप्लायचं नाव लिहून माळ्यावर ठेवल्या.

साठवणीत फार गुंतलो नाही. दोन कॅमेरे एकत्र वाचायला सेकंदाला २५ मेगाबाइट लागतात, सेकंदाला दहा हजार मेगाबाइटवाल्या पाचव्या पिढीच्या एनव्हीएमईचा (बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क) इथे काही उपयोग नाही, उलट ती तापते. चौथ्या पिढीची दोन टीबीची घेतली, चालू प्रयोग तीवर. संपलेले प्रयोग १२ टीबीच्या हार्ड डिस्कवर. स्वस्तातल्या काही ८ टीबी डिस्क एसएमआर पद्धतीच्या (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात, मोठं लिखाण सलग करताना त्या रेंगाळतात, म्हणून सीएमआर (पट्टे वेगळे ठेवणारी) आहे हे तपासून घेतलं. डिस्कची जागा पुढच्या पंख्यासमोर, कारण साधारण ६० अंशांपलीकडे तिला चालत नाही.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं. पुढे १४० मिलिमीटरचे दोन पंखे आत ओढणारे, मागे १२० चा एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही, जे येतं ते गाळणीवर अडकतं. भावाचं म्हणणं होतं, "दादा, काचवालं घे ना, काहून इतका विचार करून राहिला?" त्याला मी गाळणी काढून दाखवली. खिडकीतल्या डेझर्ट कूलरच्या खसेचे बारीक तंतू आठवड्याभरात तिच्यावर पातळ चादरीसारखे बसले होते. काच असती तर हवा बाजूच्या चिरेतून आली असती आणि हे सगळं हीटसिंकच्या पात्यांत गेलं असतं. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात नाही, बाजूच्या भिंतीला ठेवलंय. दर रविवारी गाळणी नळाखाली धुतो.

जोडणी एका रात्रीत झाली. एकच गोष्ट अडली. ग्राफिक्स कार्ड लावल्यावर बोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतो आणि रिझॉल्व्हमध्ये ४:२:२ पुन्हा अडखळायला लागलं. बायोसमध्ये 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' चालू केलं, ड्रायव्हर टाकला, की लगेच मोकळं झालं.

२८ मेच्या नोंदी. दुपारी दोन, वीज असूनही खिडकीतला कूलर मुद्दाम बंद, खोली ४०. दोन कॅमेऱ्यांची टाइमलाइन सलग चालू असताना भिंतीवरच्या मीटरला ९५ वॉट. जुनं मशीन याच फाईलला १९० खाऊन अडखळायचं. पूर्ण एक्सपोर्टला प्रोसेसर ८१ अंश, एनव्हीएमई ६६, हार्ड डिस्क ५१. बंद पडलं नाही.

राहिलंय ग्राफिक्स कार्ड. १६६० सुपरच्या सहा जीबीत फोर-केवर नॉइज रिडक्शन लावलं की मेमरी भरते. समोर दोन पर्याय आहेत, ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० (१४५ वॉट) आणि १६ जीबीचं ५०६० टीआय (१८० वॉट). माझा कल सोळाकडे आहे, वीजमर्यादा थोडी खाली बांधून. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे कोणी ५०६० टीआय १६ जीबी एसीशिवायच्या खोलीत वापरत असेल तर खोलीचं तापमान आणि मेमरीचं तापमान दोन्ही कळवा. दिवाळीच्या आत घ्यायचंय.