रविवारचं काम

रविवारी मूल देवळात, म्हणजे चर्चमध्ये, यायला कुरकुरतं, ते भक्ती कमी म्हणून नव्हे. तोवर घरात दोनदा आरडाओरडा झालेला असतो. एक बूट सापडत नाही, इस्त्री चालूच आहे, आणि तशातच आपण त्याला बजावतो, जरा हसत चल, देवाच्या घरी निघालोय!

'परमेश्वराच्या घराकडे जाऊ' हे ऐकून ज्याला आनंद झाला, त्याचं बायबलमधलं १२२वं स्तोत्र यरुशलेमच्या वाटेवरचं आहे. १२० ते १३४ ही सगळी आरोहणस्तोत्रंच, म्हणजे यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची गाणी. बाकावर टेकण्याआधी, वाटेतच गाणं सुरू. आम्हा नगरकडच्यांना हे वेगळं सांगायला नको, दिंड्या बघतच वाढलो. येशूही बारा वर्षांचा असताना याच यात्रेला गेला आणि मंदिरातच रमला. आईबाप तीन दिवस शोधत होते. आपली पोरं आशीर्वचन संपायच्या आत दाराशी.

उपदेश लांबतो हे खरंच. मोठ्यांनाही तो जड जातो, पण त्यांना डोळे मिटून ऐकण्याची सवय झालीय. गाण्याचं मात्र तसं नाही. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, मग ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि पदं दिली. पेटी-तबल्यावर ती सुरू झाली की दुसरीतल्या पोराला अर्थ कळो न कळो, हातात झांज दिली तर ते पुढचं कडवं कधी येतंय म्हणून टपून बसतं. झांज मध्येच चुकीच्या जागी वाजते. मागच्या बाकावरून डोळे वटारले जातात. बाळकांना आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावलं तेव्हा येशूला राग आला होता, असं शुभवर्तमानात मार्क लिहितो. ते शिष्य अजून मागच्याच बाकावर बसतात.

शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, चॉकलेट वाटण्यावर माझा फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा काम द्यावं. अर्पणाची थैली फिरवू द्यावी, दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला 'जय ख्रिस्त' म्हणू द्यावं, एखादं वचन माइकवरून वाचू द्यावं. पाळकसाहेबांचा खांद्यावर हात पडला की पुढच्या रविवारी बूट आपोआप सापडतात.

आणि सुगीच्या सणाला तर पोरांना मुळीच मागे ठेवू नये. उपासनेनंतर अर्पणात आलेल्या मेथीचा, अंड्यांचा, कोंबड्याचा लिलाव पुकारतात, तेव्हा सगळ्यात पुढे तीच असतात. एखादं बापाकडे न बघताच भोपळ्यावर दहा रुपये वाढवतं. वाढवू द्यावेत, घरी भोपळा कुणी खात नसलं तरी.