बाटली एक लिटरची, दिवस पाच लिटरांचा

मी नवी मुंबईत सुपरवायझर आहे. रस्त्याच्या दुभाजकांतली झाडं, कडेची हिरवळ, चौकातल्या छोट्या बागा यांची निगा राखायचं काम आमच्या ठेकेदाराकडे असतं. माणसं सकाळी सातला उतरतात. खुरपणी, छाटणी, आळी करणं, टँकरच्या नळीने पाणी घालणं असं काम. दुभाजकावर सावली नावाला असते आणि दोन्ही बाजूंनी तापलेलं डांबर. मार्च लागला तेव्हा मालक म्हणाले, "यंदा सगळ्यांना चांगली बाटली देऊ. माणशी ४०० रुपये धरा, कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा." त्या बाटल्या कशा निवडल्या, ते इथे लिहिते. बांधकाम, सफाई, डिलिव्हरी, वॉचमन असं उन्हातलं काम करणाऱ्यांसाठी कुणी खरेदी करत असेल तर उपयोग होईल.

आधी माणसं कशातून पाणी पितात ते पाहिलं. बहुतेकांकडे कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या होत्या. बुडाशी त्रिकोणात १ आकडा असतो, म्हणजे पेट प्लास्टिक. एकदा वापरून टाकायची वस्तू ती. तोंड अरुंद, आत हात जात नाही, ब्रश जात नाही, ओरखड्यांत घाण बसते. टेम्पोच्या काचेखाली तापली की पाण्याला वास येतो आणि मग माणूस ते पाणी पीतच नाही, झाडाला ओततो. मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. पाणी सोबत असूनही पोटात जात नव्हतं.

मग हिशेब मांडला. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश ही सरकारी संस्था सांगते की उन्हात अंगमेहनत करणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी एक कप, म्हणजे साधारण २४० मिली पाणी प्यावं, तहान लागायची वाट पाहू नये. म्हणजे तासाला सातशे ते साडेनऊशे मिली. आमच्याकडे प्रत्यक्ष काम सहा तास धरलं तर सव्वाचार ते पावणेसहा लिटर होतात. तासाला साधारण १.४ लिटरच्या वर मात्र जाऊ नये असंही तीच संस्था सांगते, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

हा आकडा समोर आल्यावर बाटलीचा प्रश्नच बदलला. लिटरभराची बाटली तासाभराची सोय. दोन लिटरची घेतली तर भरल्यावर दोन किलोंच्या वर वजन, ती कमरेला लावून कोण खुरपणार? ती टेम्पोतच राहणार. म्हणजे बाटली कुठलीही घ्या, ती दिवसात चार-पाच वेळा भरली जाणार आहे का, हे आधी ठरवायला हवं. पाम बीच रोडवर तर हे फारच अवघड. गाड्या इतक्या वेगात येतात की दुभाजकावरच्या माणसाला पाण्यासाठी रस्ता ओलांड म्हणणं धोक्याचं. पाणीच त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे. म्हणून बाटल्यांच्या आधी मी २० लिटरचे झाकणाचे, नळाचे थंड जार मागितले आणि टेम्पोच्या ड्रायव्हरदादांना तासाला एक फेरी नेमून दिली. जार सकाळी आमच्या कामाच्या चौकीवरच्या फिल्टरचं पाणी घेऊन निघतो. त्यात बर्फाची लादी फोडून टाकायची नाही, हे मी पहिल्या दिवशीच बजावलं. ती लादी मासळीसाठीची असू शकते आणि तो बर्फ खायचा नसतो, म्हणून तर तो निळा ठेवायचा नियम आहे. गार हवंच असेल तर घरच्या फ्रीजमध्ये बाटलीत गोठवलेलं पाणी, बाटलीसकट जारमध्ये.

आमचे मुकादम काका विदर्भातले. ते म्हणाले, "छागल घ्या ना ताई, आमच्याकडं मे महिन्यात बी पाणी गार राहतं." त्यांचं खरं आहे. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. त्या कापडातून पाणी पाझरतं, कोरड्या हवेत उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पण इथे खाडी आहे. हवेत आधीच बाष्प, त्यामुळे छागल असो, माठ असो की बाटलीभोवती गुंडाळलेलं ओलं गोणपाट, विदर्भाइतका गारवा येत नाही. घामाचंही तेच होतं. तो सुकत नाही, नुसता ओघळतो आणि अंग थंड होत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश झाल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनारपट्टीला ३७ अंशांपासूनच, अर्थात पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला असेल तर. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्या गर्दीतले दहाहून जास्त लोक उष्माघाताने गेले. ते कुणी घण घालत नव्हते, बसलेले होते. "मुंबईकडे कुठे एवढं ऊन असतं" असं कुणी म्हटलं की मला तो दिवस आठवतो.

खरेदीसाठी ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारात गेले. ऑनलाइन स्वस्त दिसत होतं, पण बाटली हातात धरून पाहायची होती. दुकानदार पहिली दाखवतो ती व्हॅक्यूमची दुहेरी भिंतीची, "चोवीस तास थंड". वस्तू चांगली आहे. दोन पत्र्यांमध्ये हवाच नसते, त्यामुळे बाहेरची उष्णता आत पोचत नाही. पण लिटरभराची रिकामी बाटलीच अर्धा किलोच्या आसपास भरते आणि किंमत आमच्या बजेटच्या दुप्पट. तासाभरात संपणाऱ्या पाण्याला चोवीस तासांचा गारवा कशाला? एकेरी स्टीलची लिटरची बाटली, वर कापडी पिशवी, निम्म्याहून कमी वजन. बहुतेकांसाठी तीच ठरवली. जे टेम्पोपासून लांब एकटे जातात, टँकरवरचे दोघे आणि उंच छाटणीवाले, त्यांनाच व्हॅक्यूमची. सगळ्यांना एकसारखी द्यावी असा मालकांचा आग्रह होता. कुणाला वाईट वाटू नये हा त्यांचा विचार मला पटत होता, पण काम एकसारखं नाही तर बाटली एकसारखी कशी चालेल? माणसांना कारण सांगितल्यावर कुणीच कुरकुर केली नाही.

स्टील पारखताना दुकानात सगळे चुंबक लावून दाखवतात. चिकटला नाही की "बघा, ३०४", म्हणजे भांड्यांचं चांगलं स्टील. यावर भिस्त ठेवू नका. २०१ नावाचं कमी निकेलचं, स्वस्त आणि लवकर डागाळणारं स्टीलही चुंबकाला फारसं धरत नाही. त्यापेक्षा आयएसआयचा शिक्का बघा आणि त्याखालचा परवाना क्रमांक हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा, कंपनीचं नाव तिथेच दिसतं. व्हॅक्यूमच्या बाटलीत दुकानातच उकळतं पाणी भरायला सांगितलं. थोड्या वेळाने बाहेरून हात लावला, तर एक बाटली अंगाला गरम लागली. तिचा व्हॅक्यूम गेलेला होता, ती बाजूला काढली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तोंडावर. लिहिलेलं सगळीकडे हेच असतं की रुंद तोंडाची घ्या, धुवायला सोपी. बरोबर आहे. पण आमची माणसं पाणी वरून पितात. बाटली उष्टी करत नाहीत, कारण शेजारणीलाही द्यायची असते. रुंद तोंडाची बाटली वर धरली की निम्मं पाणी नाकावर आणि गळ्यावर. स्ट्रॉची, चोखायची बाटली तर कुणी हातातही धरली नाही. बटण दाबून उघडणारं झाकण मला आवडलं होतं, पण मुकादम काकांनी मातीचा हात दाखवला. खुरप्याच्या मातीने स्प्रिंग अडकते आणि चोखायच्या जागी चिखल लागतो. शेवटी दोन टप्प्यांचं झाकण मिळालं. सगळं फिरवून काढलं की ब्रश जाईल एवढं तोंड, आणि वरचं छोटं टोपण काढलं की बारीक धार. टोपण पट्टीने बाटलीला जोडलेलं, त्यामुळे गवतात हरवत नाही. दुकानात पाणी भरून आमच्या एका मावशींना वरून पिऊन दाखवायला सांगितलं. एक थेंब सांडला नाही, तेव्हा ऑर्डर दिली.

त्याच मावशी परतताना गाडीत म्हणाल्या, "ताई, बाटली झ्याक हाय. पण पाणी प्यायचं अन् मग जायचं कुठं?"

या प्रश्नाला बाटलीच्या दुकानात उत्तर नाही. आमच्या निम्म्याहून जास्त बायका सकाळपासून जाणूनबुजून कमी पितात, कारण दुभाजकाच्या आसपास आडोसा नाही. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, कुणाला मुतखडा. कितीही चांगली बाटली दिली तरी ती संध्याकाळी भरलेलीच परत येणार. म्हणून मी रस्त्यांचा नकाशा घेऊन सार्वजनिक शौचालयं, बागांमधली स्वच्छतागृहं आणि पेट्रोल पंप यांच्यावर खुणा केल्या. पंपांवर स्वच्छतागृह ठेवावंच लागतं. तरी मी प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन सांगून आले, म्हणजे बायकांना कुणी दारातून परत पाठवणार नाही. दहाला आणि बाराला टेम्पो बायकांना घेऊन जातो. त्या वेळेची मजुरी कापायची नाही, हे मालकांकडून लिहून घेतलं. त्यानंतर आठवडाभरात जार दुपारी रिकामे व्हायला लागले. मला तरी बाटल्यांपेक्षा या फेरीचं मोल जास्त वाटतं.

वापराचे नियम थोडेच ठेवले. बाटलीत फक्त पाणी. ताक आणि लिंबू सरबत वेगळ्या भांड्यातून पेल्याने, कारण रबरी रिंगेला वास धरतो आणि दुसऱ्या दिवशी पाणीही आंबट लागतं. कुणी तांब्याची बाटली आणत असेल तर तिच्यात लिंबू, कोकम अजिबात नको. ज्यांना खूप घाम येतो, जे जेवून येत नाहीत, त्यांच्यासाठी ओआरएसची, लिटरभर पाण्याची पाकिटं चौकीवर आहेत. पूर्ण पाकीट लिटरभर पाण्यात, अर्धं नाही आणि कमी पाण्यातही नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. कुणी उन्हात असंबद्ध बोलू लागलं, धडपडलं, तर पाणी पाजत बसायचं नाही. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन.

ओळखीसाठी बाटल्यांवर नावं कोरून घ्यायचं ठरलं होतं, घरच्या भांड्यांवर घालतो तशी. एकेरी बाटल्यांवर घातली. व्हॅक्यूमच्या बाटलीवर मात्र ठोकून नाव घालू नका. बाहेरचा पत्रा चेपला की सांधा उसवून व्हॅक्यूम जाऊ शकतो. त्यांना रंगीत दोरे बांधले. शनिवारी काम सुटताना चौकीवर सगळ्या बाटल्या एकत्र धुतो. झाकणातली रिंग काढून, कोमट पाणी आणि खायचा सोडा, लांब ब्रश, मग उलट्या टांगून पूर्ण कोरड्या. रिंगेखाली काळी बुरशी धरते, ती वरून दिसत नाही. रिंग सैल झाली की बाटली गळते आणि चांगली वस्तू अडगळीत जाते, म्हणून सुटी रिंग आणि सुटं झाकण मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. आमच्या दुकानदाराने डझनभर रिंगा बिलातच घातल्या, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यातल्या निम्म्या लागल्या.